मुर्सलचं ताट

१० सप्टेंबर १९९५

वरच्या बरसातीतल्या, म्हणजे गच्चीवरच्या खोलीतल्या, भाडेकरूंची मुलगी आज जिन्यात बसलेली दिसली. चढता चढता मध्येच बसली होती, भिंतीला टेकून, म्हातारं माणूस बसतं तशी. "क्या हुआ बेटा?" विचारलं तर म्हणाली, "कुछ नहीं, थक गई." सात वर्षांची मुलगी एका मजल्यात थकते.

हे लोक काबूलचे. जुलैत राहायला आले. बाप गुलआगा इथे दिल्लीतच भोगलला एका तंदूरवर नान भाजतो. आई शकीबा घरीच असते. हिंदी दोघांनाही येतं, पण सिनेमे बघून शिकलेलं, त्यामुळे पाणी गेलं म्हणून सांगितलं तरी काहीतरी भयंकर घडल्यासारखं वाटतं. मुलीचं नाव मुर्सल. सुधन्वा तेव्हा म्हणाला होता, "आई, फॉरेनर्सना खोली देऊ नकोस, पोलिसांत नोंदवत बसावं लागतं." मी दिली. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. वर पावलं वाजली की बरं वाटतं, एवढंच कारण.

पण आज तिचा फ्रॉक वर सरकला होता. पोट टम्म फुगलेलं आणि खाली पायांच्या काड्या. मला एकदम भीती वाटली. कशाची ते नीट लिहिता येत नाही. माझ्या घरात राहते ना ती.

१४ सप्टेंबर

शकीबा सकाळी खाली आली. मला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणते. "खाला, आप साथ चलेंगी तो स्कूलवाले इज़्ज़त से बात करेंगे." गेले.

मुख्याध्यापिका बाईंनी मुर्सलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ये सात की है? मज़ाक मत कीजिए बहनजी. नर्सरी में डाल दीजिए."

मुर्सलनं न विचारता खडू उचलला आणि फळ्यावर उजवीकडून डावीकडे आपलं नाव लिहिलं. बाई हसल्या. "हमारे यहाँ उधर से लिखते हैं." तर तिनं खाली डावीकडून हिंदीतही लिहिलं. ते कुठून शिकली कोण जाणे, दुकानांच्या पाट्यांवरून असेल. तरी बाई नाहीच म्हणाल्या. "बाकी बच्चे धक्का देंगे तो ये उठ नहीं पाएगी. अप्रैल में लाइए. तब तक थोड़ा खिलाइए-पिलाइए."

घरी आल्यावर मी अपूर्वाचा राहिलेला फ्रॉक मुर्सलला घालून पाहिला. अपूर्वा माझी नात, पाच वर्षांची, सुधन्वाबरोबर गुडगावला त्या नव्या इमारतीत राहते. पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक हिच्या खांद्यावरून घसरला.

संध्याकाळी मुलांच्या संगोपनाचं जुनं पुस्तक काढलं. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं ह्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून पुस्तकं आणून दिली त्यावर झालं. न कळलेला शब्द मी कोशात बघते, सोडत नाही. पुस्तकात चित्र आहे: तसंच पोट, तसेच पाय. खाली लिहिलंय, अपुरं अन्न. उपाय, पौष्टिक खाणं, थोडं थोडं आणि वारंवार.

वर काय शिजतं ते मी पाहिलंय. सकाळी चहा-नान, दुपारी नान-दही, रात्री नान आणि बटाट्याचा रस्सा. नुसत्या नानवर मूल कसं वाढणार? उद्यापासून मी बघते.

१८ सप्टेंबर

नाचणीचं सत्त्व करायचं मनात होतं. आयएनए मार्केट पालथं घातलं, नाचणी मिळाली नाही. मग गव्हाचं केलं. गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला आणि ताटात वाळवला. सुधन्वा ह्याच सत्त्वावर वाढला, आणि तो आता दारातून वाकून आत येतो.

काल अपूर्वा आली होती. तिला ते पांढरं पांढरं बघून मजा वाटली.

"आजी, सत्त्व म्हणजे काय?"

"धान्यातलं चांगलं तेवढं काढून घेतलेलं."

"अच्छा. तो खराबवाला कहाँ गया?"

मी म्हटलं, टाकून दिला.

दुधात साखर-वेलची घालून मुर्सलला दिलं. माझ्याकडे बघत बघत प्यायली. आवडलं म्हणून नव्हे, मला वाईट वाटू नये म्हणून प्यायली असं वाटलं. शेजारच्या सबरवाल माताजी फाळणीत लाहोरहून ह्याच कॉलनीत आलेल्या. त्यांनी डबाभर पंजीरी पाठवली. "हम भी ऐसे ही आए थे, प्रभाजी. आटा देसी घी में भूनकर खिलाओ, महीने में लाल हो जाएगी." सकाळी सत्त्व, अकराला पंजीरी, दुपारी तुपाची पोळी, चारला शिरा. असं ठरवलं आहे.

२१ सप्टेंबर

आज सगळ्या दिल्लीत गणपती दूध पितोय म्हणून गर्दी. माताजी पातेलं घेऊन धावल्या, मला म्हणाल्या चला. मी बूथवर गेले तर सकाळीच दूध संपलेलं. गणपतीला नमस्कार केला आणि मनात म्हटलं, बाप्पा, तुझं पोट भरलेलं आहे, आमच्या पोरीचं तेवढं राहिलं. सत्त्व पाण्यात शिजवून दिलं.

तिला तीन-चार दिवस जुलाब होताहेत. फिकट, तेलकट, आणि वास असा की शकीबा लाजून बादलीवर बादली ओतते. मी म्हटलं, पोटाला चांगल्याची सवय नाही, होईल हळूहळू.

२३ सप्टेंबर

आज तोंड मिटूनच बसली. मी मांडीवर घेऊन भरवत होते. एक घास आईचा, एक बाबांचा, एक खालाचा. दोन्ही हातांनी माझं मनगट धरून म्हणाली, "खाला, पेट में कोई बैठा है."

हातात काही वजनच नव्हतं तिच्या. घास भरवून झाला, पण नंतर माझी मलाच भीती वाटली. सुधन्वाला फोन केला. तो म्हणाला, "आई, यार, तू का पडतेस त्यात? उद्या त्या मुलीला काही झालं तर लोक म्हणतील तुझ्या हातचं खाऊन झालं. पोलीस, एम्बसी, सगळं मागे लागेल." मी फोन ठेवला. तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. पण मग खायला घालणं बंद करू? डोळ्यांसमोर वाळत असताना?

२५ सप्टेंबर

आज घट बसवले. विधवेनं बसवावेत का, असं एकीनं मंडळात विचारलं होतं. ते मी कानाआड केलं. परडीत माती घालून धान्य पेरलं.

दुपारी वेगळंच संकट. शकीबाला कावीळ. डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी मुलीला वेगळं ठेवायला सांगितलं. गुलआगा पहाटे जातो तो रात्री येतो. तेव्हा मुर्सल खाली माझ्याकडे, रात्रंदिवस. ह्यांच्या आरामखुर्चीत बसवली तर पाय अधांतरी. तिथून घटाकडे बघत राहिली. "ये क्या उगा रही हैं?" म्हटलं, देवीचं शेत.

माझे नऊ दिवस उपास. तिच्यासाठी पोळ्या करणार होते, पण ती ऐकेना. "जो आप खाएँगी." ताटाला ताट लावून बसली. वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली. उपासाचं कसलं अंगी लागणार! मला काळजी वाटते आहे, पण आजारी आईपासून दूर राहिलेल्या पोरीवर जबरदस्ती करवत नाही.

२९ सप्टेंबर

लिहू की नको असं झालंय, दृष्ट लागेल म्हणून. जुलाब थांबले. काल पहिल्यांदा नीट शी झाली. शकीबाला जिन्यातून ओरडून सांगितलं, तर ती वरून रडायला लागली. सकाळी साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतली. रताळ्याच्या फोडी खाल्ल्या, राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. गल्लीतल्या मुली जमिनीवर घरं आखून टिक्कर खेळत होत्या तिथे जाऊन उभी राहिली, आणि एकदा एका पायावर उडी मारली. एकदाच, पण मारली.

देवीसमोर बसले तेव्हा काही मागावंसं वाटलं नाही. ती देतच होती.

३ ऑक्टोबर, दसरा

घट उठवले. देवीला पुरणावरणाचा नैवेद्य दाखवला. मुर्सलला आज पहिल्यांदा खरं जेवण वाढायचं म्हणून सकाळपासून अंगात उत्साह होता. पुरणपोळी केली, वर तूप. तिला आवडली, गोड म्हणून. एक खाल्ली, दुसरी अर्धी. रात्री गुलआगा ताजे नान घेऊन आला. आईपासून लांब बसून का होईना, आज बापाबरोबर जेव म्हटलं. तो मुलीचा गाल ओढून म्हणाला, "खाला, आपने मेरी बेटी को ज़िंदा कर दिया."

घटातले चार गव्हाचे कोंब तिच्या वेणीत खोवले. आज ह्यांची फार आठवण आली.

५ ऑक्टोबर

काल पहाटेपासून उलट्या आणि जुलाब, थांबतच नाहीत. ओठ पांढरे. हाक मारली तर डोळे उघडते, पण बघत नाही. गुलआगानं खांद्यावर टाकलं, मी आणि शकीबा रिक्षात. तिला स्वतःला उभं राहवत नव्हतं तरी आली. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दाखल केलं. सलाईनसाठी शीर सापडत नव्हती. शकीबा कॉटच्या लोखंडाला धरून एकच वाक्य म्हणत होती. "वही है, खाला. वही है." मी विचारलं, वही म्हणजे काय? ती पुन्हा तेच म्हणाली.

कपडे घ्यायला घरी आले आहे. पुन्हा जायचं आहे.

९ ऑक्टोबर

आज ती थोडी शुद्धीवर आहे. आजचं सगळं लिहून ठेवायला हवं.

मुलांच्या विभागातल्या डॉक्टर मीनाक्षी आल्या. तरुण आहेत, केस विस्कटलेले, रात्रभर जागलेल्या असाव्यात. म्हणाल्या, "घर में क्या खाती है?" शकीबाला शब्द सुचेनात, म्हणून मी पुढे झाले. मला सगळं नीट सांगता येत होतं. गव्हाचं सत्त्व कसं काढलं, पंजीरी, तुपाची पोळी, शिरा, वेळापत्रकासकट. खरं तर मनातून वाटत होतं की आता म्हणतील, माँजी, आपने बहुत किया.

त्यांनी लिहिणं थांबवलं. "और ठीक कब थी?"

"नवरात्र में. नौ दिन."

"तब क्या खाया?"

"कुछ नहीं, मेरा उपास था तो... वही. साबुदाणा, वरई, मूंगफली."

"रोटी?"

"नहीं."

"एक भी नहीं?"

"उपास में रोटी कैसे खाएँगे?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता. मग सावकाश म्हणाल्या की काही मुलांच्या आतड्याला गहू चालत नाही. गव्हातला एक पदार्थ आतड्याचं अस्तर खरवडून काढतो, मग दूध, तूप, काहीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. मूल वाढतच नाही. नळी घालून आतड्याचा तुकडा तपासावा लागेल, मग नक्की सांगता येईल.

"आटा?" मी विचारलं. "नहीं." "सूजी?" "नहीं." "सत्त्व? उसमें तो चोकर निकाल देते हैं." "माँजी, किसी शक्ल में नहीं. ज़िंदगी भर नहीं."

मग त्यांनी शकीबाला विचारलं, आणखी मूल? शकीबा म्हणाली, "एक बेटा था. पाँच साल का. जंग में गया." "गोली से?" "नहीं. पेट से."

मला हा मुलगा ठाऊकच नव्हता.

बाहेर बाकावर बसले. भरवताना मी तिच्या हनुवटीला धरत असे. तेच हात मांडीवर घेऊन बसून राहिले. सुधन्वा गाडी घेऊन आला, म्हणाला, "आई, तुला काय माहीत असणार? चलो, घरी चल."

१७ ऑक्टोबर

तपासणीत तेच निघालं. मुर्सल घरी आली.

मला हलकं वाटलं. ऑपरेशन नाही, महागडं औषध नाही. गहू बंद, एवढंच. शकीबाला म्हटलं, अल्लाची कृपा समज. तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी दोन पायऱ्या मागे आले. वर गेली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून खाली आलेली नाही. वरून भांड्यांचाही आवाज नाही.

माझ्यावर रागावली असेल. असणारच. मी त्या पोरीला मांडीवर धरून विष भरवलं. दुसरी कोणी असती तर तोंडावर बोलली असती. आता हे लोक खोली सोडून जातील, आणि जिथे जातील तिथे कोणी हिला प्रेमानं एक बिस्किट देईल. ह्याच भीतीनं आज जेवण गेलं नाही.

गुलआगा येतो तेव्हा गल्लीत उभा राहून कपडे झटकतो. पिठाचा ढग उडतो. आज तो बराच वेळ झटकत होता.

२४ ऑक्टोबर, अमावास्या

आज सकाळी सूर्यग्रहण. दिवाळीचे फटाके सकाळीच थांबले आणि रस्ते इतके ओस की कर्फ्यू लागल्यासारखे. ऊन हळूहळू राखेच्या रंगाचं झालं. कावळे झाडांवर परतले.

तेवढ्यात जिन्यात धावत पावलं आली. शकीबा, मुर्सलला पोटाशी धरून. "खाला, बाहर आवाज़ क्यों नहीं है?" तिला ग्रहणाचं कोणी सांगितलंच नव्हतं. काबूलला अशी शांतता झाली की पाठोपाठ रॉकेट यायचं, म्हणाली. मी दोघींना आत घेतलं, पडदे ओढले. मुर्सल खुर्चीत झोपून गेली. शकीबा जमिनीवर बसली, आणि मी काहीही विचारलं नसताना बोलायला लागली.

नानच्या रांगेत ती पहाटेच उभी राहायची. एकदा पुढची बाई उभ्या उभ्या पडली, कुठून तरी रॉकेटचा तुकडा येऊन लागला होता. "मैं क्या करती? मैं एक क़दम आगे हो गई." नान मिळाला की अर्धा नवऱ्याला आणि मुर्सलला, अर्धा मुलाला, स्वतः चहा. आपला वाटाही त्यालाच. पोट फुगत चाललं, हात बारीक होत चालले, तेव्हा तिला वाटलं नान कमी पडतो. मग ती दोन रांगांत उभी राहायची.

"वो मुँह बंद कर लेता था, खाला. मैं थप्पड़ मारकर खिलाती थी. कहती थी, इस नान के लिए लोग मरे हैं."

बाहेर तसाच काळोख होता. मी कशीबशी म्हणाले, मलासुद्धा ठाऊक नव्हतं ग. मीही भरवलंच की.

ती म्हणाली, "आपने जिसको खिलाया वो तो सो रही है. देखिए, साँस ले रही है."

आणि मी, ही माझ्यावर रागावली म्हणून आठवडाभर स्वतःचीच काळजी करत बसले होते.

उजेड आला तेव्हा आंघोळ करून भात टाकला. तिघींनी खाल्ला.

१९ नोव्हेंबर

माझ्या घरातला गहू संपवला. उरलेलं पीठ आणि रवा माताजींना दिलं. त्यांना अजून पटत नाही. गव्हाला त्या कनक म्हणतात. "कनक से भी कोई बीमार होता है? ये डॉक्टर लोग आजकल कुछ भी बोलते हैं." गिरणीत गव्हावरच बाजरी दळतात म्हणून बाजरी घरीच मिक्सरवर दळते आणि वस्त्रगाळ करते. मिक्सर दोनदा जळला.

गुलआगानं तांदळाच्या पिठाचा नान लावून पाहिला. तंदूरच्या भिंतीला चिकटेना, निखाऱ्यात पडला. दुसरा पडला, तिसरा पडला. मालक म्हणाला, "काका, चावल की क़ब्र बना रहे हो?" हे तो स्वतःच हसत हसत सांगत होता, मग हसू थांबलं. त्यांच्यात नान जमिनीवर पडला तर उचलून ओठांना लावतात. माझ्याही घरात अन्नाला पाय लागला तर नमस्कार करतात, म्हणून मला ते समजलं.

पण आज भांडण झालं. मुर्सलच्या उशीखाली नानचा वाळका तुकडा सापडला. शकीबानं तिला मारलं. मुर्सल सांगेना कोणी दिला. शेवटी गुलआगा म्हणाला, "मैंने दिया. एक लुक़मा. जुमे के दिन सब खा रहे थे और ये देख रही थी."

एकच घास म्हणे! मी एरवी कुणा पुरुषमाणसावर आवाज चढवत नाही. आज चढवला. "एक लुक़मा? उस हॉस्पिटल में फिर ले जाऊँ इसको? इस बार नस मिलेगी?"

तो मोठा आडदांड माणूस, पायरीवर बसून म्हणाला, "खाला, मैं नानबाई हूँ. बाप भी नानबाई था. बेटी को किस हाथ से मना करूँ?"

नानबाई म्हणजे नान भाजणारा, पिढीजात. रात्रीपासून तिचं पोट पुन्हा बिघडलं आहे. प्रत्येक वेळी ती संडासात गेली की आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या.

१५ जानेवारी १९९६

डॉक्टर मीनाक्षींकडे जाऊन आलो. पोट उतरलंय, गालांवर जरासं मांस आलंय. वजन थोडं वाढलं, पण उंची तेवढीच. मी दोनदा मोजायला लावलं. त्या म्हणाल्या, "शरीर पहले अपनी मरम्मत करेगा, फिर बढ़ेगा. सब्र रखिए." मी विचारलं, बढ़ेगा ही ना? त्या म्हणाल्या, "सात साल का नुकसान है, माँजी. देखते हैं."

देखते हैं. हे दोन शब्द घेऊन बसमध्ये बसले. कोशात हल्ली वाढीविषयीचे शब्द शोधते. हाडं कुठल्या वयात वाढायची थांबतात, दात केव्हा पडतात, सगळं वाचते. वाचून धीर येत नाही, भ्यायची कारणं तेवढी वाढतात. ही इतकीच राहिली तर? एप्रिलात शाळेतल्या बाई पुन्हा हसतील.

सुधन्वा म्हणतो, इकडे गुडगावला ये, लिफ्ट आहे, जनरेटर आहे. मी म्हटलं, एप्रिलनंतर बोलू.

३ मार्च १९९६

आज रविवार. सुधन्वा अपूर्वाला सोडून गेला होता. दोघी पोरी स्वयंपाकघरात पाटावर जेवायला बसल्या. अपूर्वाही हल्ली इथे आली की भाकरीच मागते. मुर्सल खाते म्हणून हिलाही पाहिजे. बाजरीची भाकरी जरा जास्तच कडक झाली होती. शकीबा ताटांपाशी बसून लोणी लावत होती.

एकदम अपूर्वा ओरडली, "आजी! खून!"

मी वळले तर मुर्सलच्या हनुवटीवरून रक्त, भाकरीवर रक्त, फ्रॉकवर रक्त. ती तोंडावर हात दाबून बसलेली. शकीबाच्या हातून लोण्याची वाटी पडली. "या ख़ुदा, या ख़ुदा," म्हणून तिनं पोरीला कवटाळलं आणि जिन्याकडे धावली. मलाही दुसरं काही सुचेना. गॅस तसाच ठेवून मी मागे धावले. आतडं फाटलं असेल, भाकरीत कुठून तरी गहू आला असेल, माझ्याच हातून पुन्हा काही चुकलं असेल. तेवढ्या दहा पावलांत सगळं मनात येऊन गेलं. मी रिक्षा, रिक्षा म्हणून ओरडतच होते.

गल्लीत उजेडात आल्यावर मुर्सलनं आईच्या खांद्यावरून मूठ पुढे केली आणि उघडली. तळव्यात तांदळाएवढा दात.

"टूट गया," ती म्हणाली. घाबरली होती. शकीबानं तिचं तोंड उघडून बघितलं, मी बघितलं, माताजी चष्मा लावून आल्या, त्यांनी बघितलं. खालच्या हिरडीत, पडलेल्या दाताच्या जागी, पांढरं टोक दिसत होतं. मी बोट लावलं. धारदार लागलं.

"दूध का दाँत है पागलो," माताजी म्हणाल्या. "बच्ची बड़ी हो रही है."

शकीबा ओढणीत तोंड घालून हसायला लागली की रडायला, ते कळेना. अपूर्वा तेवढ्यात म्हणाली, "मेरा तो एक भी नहीं टूटा," आणि रुसली.

मग दाताचं काय करायचं ह्यावरून आमचं जुंपलं. मी म्हटलं छपरावर टाकायचा. शकीबा म्हणाली, उंदराच्या बिळात, म्हणजे उंदीर आपले मजबूत दात देतो. माताजींचं तिसरंच काहीतरी. छप्पर की बीळ, छप्पर की बीळ, असं आम्ही तिघी गल्लीत उभ्या राहून भांडत होतो.

मागे वळून बघितलं तर मुर्सल नव्हती. धावत आत गेले. ती पाटावर जाऊन बसली होती. दात डाव्या मुठीत घट्ट धरलेला, आणि उजव्या हातानं रक्ताचा भाग मोडून बाजूला ठेवून उरलेली भाकरी खात होती. मला बघून ताट पुढे सरकवलं.

"खाला, और. ये छोटी है."